मिरजगाव ते रेवदंडा : एका दिवसाच्या वाटेवरचा निजामशाहीचा समुद्र

१/
अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात (ता. कर्जत) कोणी समुद्राची गोष्ट काढली, तर ऐकणारा हसेल. पर्जन्यछायेतला हा प्रदेश. येथे ज्वारी आणि हरभऱ्याचे राज्य, आणि पाण्याची चिंता बारमाही. तरीही या मातीच्या इतिहासातला एक मोठा अध्याय कोकणातल्या एका बंदराशी बांधलेला आहे. आज त्या बंदराची, म्हणजे चौल-रेवदंड्याची, एका दिवसाची सहल करू. वाटेत जे भेटतील त्यांच्याशी थोडे बोलू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आजचा रस्ता सोपा आहे. मिरजगावाहून पहाटे तीनला निघावे. श्रीगोंदा, दौंड, पुणे, लोणावळा, मग बोर घाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग आणि शेवटी रेवदंडा. सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर. सकाळी दहा-अकराच्या सुमारास नारळी-पोफळीच्या वाड्यांमागे पाणी चमकू लागते. किल्ला पाहावा, जेवावे, दुपार ढळताच परत फिरावे. मध्यरात्रीपर्यंत माणूस घरी. पाचशे वर्षांपूर्वी हीच चढउतार करणाऱ्यांना मात्र आठवडे लागत.

३/
भूगोलाची एक गंमत आधी ध्यानात घेऊ. आपल्याकडे पडणारा पाऊस पश्चिम समुद्राकडे जात नाही. सीनेचे पाणी भीमेला, भीमेचे कृष्णेला आणि कृष्णेचे थेट बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी पूर्वेला वाहते. पण घोडे, तांबे, तोफा ओतणारे कारागीर, हकीम आणि धर्मपंडित मात्र पश्चिमेकडून, सह्याद्रीचे घाट चढून येथे आले. नगरचे राज्य ज्यांनी उभे केले आणि चालवले, त्यांतले कितीतरी लोक समुद्रावरून आलेले होते.

४/
चौल हे त्या वाटेचे तोंड. कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले हे बंदर फार जुने. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचे नाव ‘चेमुल’ असे येते. ग्रीक-रोमन लेखकांनी ते ‘सेमुल्ला’, ‘सिमुल्ला’ अशा रूपांत नोंदवले. अरब प्रवासी त्याला ‘सैमूर’ म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी, ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार येथे येऊन गेला. परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने येथे पाहिली. त्या काळी कोकणावर शिलाहारांचे राज्य होते.

५/
आता आपला पहिला सोबती भेटतो. रशियातील त्वेर या गावचा व्यापारी, अफानासी निकितिन. तो १४६९ च्या सुमारास होर्मुझहून जहाजाने निघाला आणि काही आठवड्यांनी चौलच्या किनाऱ्यावर उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. म्हणजे हा माणूस त्याच्या जवळपास तीन दशके आधीचा. निकितिनजवळ सैन्य नव्हते, राजाचे पत्र नव्हते. होता तो एक घोडा. त्यावर त्याने आपली सारी पुंजी लावली होती.

६/
घोडाच का? कारण दख्खनच्या राजांना घोडदळ हवे होते आणि उत्तम घोडा येथे पैदा होत नसे. निकितिनने आपल्या टिपणात हेच लिहिले आहे : या देशात बैल आणि म्हशी होतात, घोडे होत नाहीत. अरबस्तान आणि इराणचे घोडे होर्मुझमार्गे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत. येथे त्यांना काय खाऊ घालतात, तेही त्याने नोंदवले : हरभरा, आणि साखर घालून शिजवलेली खिचडी. त्या व्यापाऱ्याला नवलाचा वाटलेला तो हरभरा आजही आपल्या रानात पिकतो.

७/
चौलहून तो पायीच निघाला. घाटाच्या पायथ्याच्या पालीपर्यंत आठ दिवस, तेथून उमरी नावाच्या गावापर्यंत दहा दिवस आणि पुढे सुमारे आठवडाभर चालल्यावर जुन्नर. एकूण तीन आठवड्यांहून अधिक. आज अलिबागहून जुन्नर गाठायला पाच-सहा तास पुरतात. ही वाट काट्याकुट्याची, घाट अरुंद, मालाची ने-आण बैलांच्या तांड्यांवर आणि नाक्यानाक्यावर जकात. समुद्रावरची कोणतीही वस्तू पठारावर महाग का पडे, याचे उत्तर या दिवसांच्या हिशेबात आहे.

८/
जुन्नरला पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. याच मुक्कामात त्याच्यावर संकट ओढवले. जुन्नरचा अंमलदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा व्यापारी ख्रिस्ती आहे असे कळताच खानाने अट घातली : इस्लाम स्वीकार, म्हणजे घोडाही मिळेल आणि वर हजार मोहराही, नाहीतर घोडा गेला आणि दंडही भरावा लागेल. विचार करायला मुदत मिळाली चार दिवसांची.

९/
त्या चार दिवसांत त्या माणसाची मनःस्थिती काय झाली असेल? घर हजारो कोस दूर, खिसा रिकामा, सगळी पुंजी खानाच्या पागेत. मुदत संपण्याच्या बेतात असताना मुहम्मद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली. घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. निकितिनने ही घटना देवाची कृपा म्हणून नोंदवली आहे. पण तीच नोंद दुसऱ्या बाजूनेही वाचता येते : एका मुसलमान अंमलदाराने अडवलेल्या परक्या ख्रिस्ती व्यापाऱ्याची सुटका दुसऱ्या एका मुसलमान परदेशी माणसानेच केली. मध्ययुगाला एकाच रंगात रंगवणाऱ्यांनी ही चार दिवसांची गोष्ट जरूर वाचावी.

१०/
तेव्हा राज्य बहमनींचे होते आणि कारभार महमूद गवानच्या हाती. तो स्वतः इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आला आणि १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरला. राज्याचा वजीर झाल्यावरही त्याची पदवी होती ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. किनारा हातात असल्याशिवाय पठारावरची सत्ता टिकत नाही, हे त्याला ठाऊक होते. निकितिन जुन्नर-बिदरमध्ये होता, त्याच काळात गवान कोकणातले किल्ले घेत होता. गोवा त्याने १४७२ मध्ये घेतले.

११/
बहमनी राज्य मोडले आणि जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद स्वतंत्र झाला. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात, सीनेच्या काठी, अहमदनगर शहर वसवले. जुन्नर, नगर आणि चौल अशी ही साखळी होती. राजधानी सीनेकाठी आणि बंदर कुंडलिकेच्या मुखाशी. निजामशाही म्हणताच आपल्याला देवगिरी, नगरचा भुईकोट, परांडा आठवतो. पण या राज्याला समुद्राकडची एक खिडकी होती आणि तिच्यातून येणाऱ्या वाऱ्यावर दरबार चालत होता.

१२/
आता जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीतच इजिप्तचे मामलूक आणि दीवचा मलिक अयाज यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा येथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी सूड उगवला. मग १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये आग्नेय आशियातील मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. मसाल्याचे दार मलाक्का, घोड्यांचे दार होर्मुझ. दोन्हींच्या किल्ल्या सात वर्षांत एकाच सत्तेच्या हाती गेल्या.

१३/
चौलच्या व्यापाऱ्याला हे लगेच जाणवले. समुद्रावर जायचे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा. तो नसेल तर जहाज जप्त. मक्केला जाणारी जहाजेही यातून सुटली नाहीत. अशा स्थितीत बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये पोर्तुगीजांना चौलजवळ, खाडीच्या तोंडाशी, किल्ला बांधू दिला. हाच रेवदंड्याचा किल्ला. घोड्यांची आवक चालू राहावी, हा त्या कराराचा एक हेतू होता. ज्यांना अडवता येत नाही त्यांच्याशी सौदा करावा, हा व्यवहार त्या क्षणी शहाणपणाचाच वाटला असणार. त्याची किंमत नातवाला मोजावी लागली.

१४/
तोवर नगरच्या दरबारात समुद्राने किती माणसे आणली पाहा. इराणहून आलेला विद्वान शाह ताहिर : त्याच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला. मुहम्मद बिन हुसेन रूमी : ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. त्याने १५४९ मध्ये नगरला ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ ओतली. ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. आज विजापूरच्या बुरुजावर ती पाहणाऱ्या कित्येकांना तिचे माहेर नगर आहे, हे माहीत नसते.

१५/
आणि गार्सिया द ऑर्टा. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राही. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. तो बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी नगरला येत असे. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो सांगतो, की राजाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने राजाला लॅटिन. खाडीच्या तोंडाशी तोफा रोखलेल्या असताना नगरच्या महालात राजा आणि वैद्य असे एकमेकांचे विद्यार्थी झाले होते.

१६/
मग १५७० साल उजाडले. विजयनगरचा पराभव होऊन पाच वर्षे झाली होती. विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर चालून गेला आणि नगरचा मुर्तजा निजामशहा चौलवर. कालिकतचा सामुतिरी त्यांच्या बाजूला होता. हा रोष दख्खनपुरता नव्हता. सुमात्रा बेटावरील आचेच्या सुलतानाने १५६८ मध्येच मलाक्काला वेढा घातला होता. मलाक्कापासून चौलपर्यंत, एकाच सत्तेच्या मक्तेदारीविरुद्ध ठिकठिकाणी बंड पेटलेले दिसते.

१७/
१५७० च्या अखेरीस रेवदंड्याला वेढा पडला. पोर्तुगीज लेखकांनी निजामशाही सैन्याचा आकडा लाखाच्या वर नेला आहे. त्यात अतिशयोक्ती असली, तरी आतल्या शिबंदीच्या मानाने बाहेरचे सैन्य कितीतरी मोठे होते यात शंका नाही. तोफांचा भडिमार महिनोन्महिने चालला. तटाबाहेरची घरे, मठ आणि चर्च हाताघाईच्या लढाईत एकामागून एक पडली. तरीही १५७१ च्या मध्यावर तह झाला आणि नगरची फौज माघारी घाट चढून आली. एवढे सैन्य, एवढा दारूगोळा, घरचे मैदान. मग हा वेढा का फसला?

१८/
याचे उत्तर किल्ल्याच्या पश्चिम तटावर उभे राहिले की आपोआप कळते. तीन बाजूंनी वेढा घातला, तरी चौथी बाजू समुद्राची. तेथून गोव्याची जहाजे माणसे, धान्य आणि दारूगोळा उतरवीत राहिली. नगरजवळ तोफा होत्या, पण त्या तोफा वाहणारे आरमार नव्हते. कालिकतची गलबते आली, पण ती समुद्राचे दार बंद करू शकली नाहीत. पठारावर वेढा म्हणजे उपासमार. किनाऱ्यावर मात्र पाण्यावर ताबा नसेल, तर वेढा अर्धवटच राहतो.

१९/
फरिश्ता या इतिहासकाराने आणखी एक कारण दिले आहे : निजामशाही सरदारांना पोर्तुगीजांनी मद्य आणि नजराणे देऊन फितवले आणि रात्रीतून रसद आत जाऊ दिली गेली. फरिश्त्याचे बालपण नगरच्या दरबारातच गेले, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. पण पराभवानंतर फितुरीचे कारण पुढे करणे ही दरबारांची जुनी सवय असते, हेही विसरू नये. फितुरी झाली असेल. पण फितुरी मुळीच झाली नसती तरी समुद्र उघडाच होता. इतिहास वाचताना ही दोन कारणे वेगवेगळ्या तराजूत तोलायला हवीत.

२०/
वीस-बावीस वर्षांनी नगरने पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात खाडीपलीकडच्या कोर्लईच्या टेकडीवर तोफा चढवल्या गेल्या, म्हणजे रेवदंडा आणि बंदराचे तोंड थेट माऱ्यात यावे. कल्पना अचूक होती. पण १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती टेकडीच जिंकली. पुढच्याच वर्षी मोगल फौजा नगरच्या तटाशी येऊन भिडल्या आणि चांदबिबीला राजधानी वाचवण्यासाठी झुंजावे लागले. १६०० मध्ये नगरचा किल्ला पडला. किनारा आधी हातून निसटला, राजधानी नंतर.

२१/
निजामशाहीची शेवटची धग ज्याने जागती ठेवली तो मलिक अंबरही समुद्रापलीकडचाच. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनेत येऊन राज्याचा सूत्रधार झालेला. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. भातवडी आपल्यापासून फार दूर नाही. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि तिचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला.

२२/
शहाजीराजांच्या पुत्राने मात्र निराळा मार्ग धरला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी जहाजे बांधायला घेतली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आले. चौलच्या वेढ्याचा धडा कोणी लिहून ठेवून त्यांच्या हाती दिला होता असे नव्हे. पण निजामशाहीच्या नोकरीत वाढलेल्या घराण्याला किनाऱ्याची ही उणीव अपरिचित असणे अवघड आहे. अखेर वसईच्या विजयानंतर, १७४० मध्ये, रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. मुर्तजा निजामशहाच्या वेढ्यानंतर जवळपास १७० वर्षांनी.

२३/
आपण अजून रेवदंड्यातच आहोत. तट पाहा, त्याच्या आत आता वाड्या, विहिरी आणि घरे आहेत. चर्चच्या पडक्या भिंतींत उभा असलेला सातखणी मनोरा पाहा. गावातल्या एका शाळेच्या आवारात निकितिनचे स्मारक आहे. त्वेरला परत पोहोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ तो वाटेतच वारला. पण त्याची वही मात्र मायदेशी पोहोचली. मग पूल ओलांडून कोर्लईला जा. किल्ल्याखालच्या गावात सुमारे हजार माणसे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून घडलेली बोली घरात बोलतात. तोफा थंडावून शतके झाली. भाषा मात्र चुलीपाशी टिकून राहिली.

२४/
ही भाषा आपल्याला परकी वाटते का? मग आपल्याच घरात पाहा. चावी, पगार, बादली, पाव, बटाटा, बिजागरी : हे सारे शब्द पोर्तुगिजांकडून आले. भाकरीबरोबरची मिरची अमेरिकेतून त्यांच्याच जहाजांनी आली. आणि घमेले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आजोबांनी रोजगार हमीच्या कामावर जे घमेले डोक्यावर वाहिले, तो शब्दही समुद्र ओलांडून आलेला आहे. ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही, त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याचे नावसुद्धा समुद्राने दिलेले होते.

२५/
आणि तो घोडा? कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमा वाहते. तिच्या काठचे ‘भीमथडी तट्टू’ मराठ्यांच्या घोडदळात नावाजले गेले : काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारे, लांब पल्ल्याचे. स्थानिक तट्टे आणि समुद्रमार्गे आलेले अरबी घोडे यांच्या संकरातून ही जात घडली असे मानले जाते. अलीकडे तिची स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंदही झाली आहे. निकितिनसारख्या व्यापाऱ्यांनी जहाजांतून आणलेल्या घोड्यांचे रक्त कदाचित आपल्या नदीकाठी धनगरांच्या वाड्यांबरोबर फिरते आहे.

२६/
दुपार ढळली, परतायला हवे. बोर घाट चढताना एकदा मागे वळून पाहावे. १५७१ मध्ये याच सह्याद्रीतून नगरची फौज हात हलवत वर आली होती. तिच्यात आपल्या सीना-भीमेच्या काठचे शिपाई, बैल हाकणारे, भिस्ती नक्की असणार. त्यांतल्या कोणाचेही नाव बखरीत नाही. त्यांनी समुद्र पाहिला, तो एकदाच आणि हरलेल्या बाजूने. घरी आल्यावर त्यांनी मुलांना काय सांगितले असेल?

२७/
नगर जिल्ह्याचा इतिहास शिकताना आपण भुईकोटाच्या खंदकापाशी थांबतो. वर्गात नकाशा काढाल, तेव्हा नगरपासून चौलपर्यंत एक रेघ जरूर ओढा. आणि जमल्यास एकदा ती वाट स्वतः करा; एक दिवस पुरतो. आपल्या गावात जुने घाटरस्ते, तांड्यांचे तळ, घोड्यांच्या बाजाराच्या आठवणी कोणाला ठाऊक असतील, तर त्या वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा. पुढचा धागा त्या आठवणींवर करू.